पानाच्या मानेतला सांधा

प्रिय छोट्या,

फोन सोडून ताई पत्र कसलं लिहितेय, असं तुला वाटेल. पण हे फोनवर धड सांगता आलं नसतं. मधेच रडू फुटलं असतं नाहीतर हसू, आणि बाबा पलीकडच्या खोलीत कान टवकारून बसलेले असतात. म्हणून दुपारच्या सुट्टीत, कवळ्यांचे साचे वाळत ठेवून, इथे कामाच्या टेबलावरच लिहायला बसलेय. कागदावर पांढरी पूड दिसली तर ती दातांची आहे, घाबरू नकोस.

आधी एक कबुली. तू घर सोडलंस तेव्हा खिडकीत ठेवून गेलेलं मॉन्स्टेराचं रोप मेलं, असं मी तुला सांगितलं होतं ना? ते मेलं नाही. मी मात्र त्याला मारायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. रोज तांब्याभर पाणी ओतायचे, माया म्हणून. एकेक पान पिवळं पडून लोंबायला लागलं, मातीला वास यायला लागला, तेव्हा मी कुंडी उचलून जिन्यात नेऊन ठेवली आणि तू विचारलंस तेव्हा 'गेलं रे' म्हणून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी कामावरून आले, तर बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलेले. झाड आडवं, मुळं उघडी, आणि बाबा त्यांच्या जुन्या कात्रीने कुजकी मुळं कापतायत. नुकतेच निवृत्त झाले होते. मला म्हणाले, "बुडाला पाणी साचलं की कुठलीही गोष्ट सडते. आणि त्याला सांगायचं नाही." त्याला म्हणजे तुला. तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं.

तुझ्या आणि बाबांच्या त्या भांडणाबद्दल आपण दोघं कधी बोलत नाही. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाने शब्द टाकून तुला आपल्या कंपनीत चिकटवलं आणि तीन महिन्यांत तू वनस्पती उद्यानाच्या काचघरात नोकरी धरलीस. "झाडांना पाणी घालायला वाढवला का तुला?" हे त्यांचं वाक्य, आणि "तुमच्या लिफ्टा वरखाली करतात, माझी झाडं फक्त वर जातात" हे तुझं. आई असती तर दोघांनाही गप्प बसवून जेवायला वाढलं असतं. मी नुसती दारात उभी राहिले. चौदा वर्षं झाली.

तर झाड. पहिलं नवीन पान आलं तेव्हा बाबांनी मला आंघोळीला जाता जाता अडवलं. गुंडाळलेल्या छत्रीसारखी हिरवी सुरळी होती नुसती. संध्याकाळी ती अर्धी उलगडली होती, दुसऱ्या दिवशी पूर्ण. फिकट, ओलसर, इतकं कोवळं की हात लावायची भीती वाटावी. त्याला कडेने खाचा होत्या. मला वाटलं, कीड लागली. बाबा म्हणाले, "कीड नव्हे. कापूनच आलंय ते आतून. एवढीशी सुरळी, आणि आत सगळं मोजून-मापून घडी घातलेलं! हे कोणी केलं असेल गं?" आपले बाबा, छोट्या! जे देवळाच्या बाहेर चपला सांभाळत उभे राहायचे, ते हात जोडल्यासारखे बसले होते.

मग त्यांना तो सांधा सापडला. देठ जिथे पानाला मिळतो तिथे थोडा फुगीर भाग असतो, तुला माहीतच असेल. त्यांनी भिंतीवर पेन्सिलीने पानाच्या टोकाची खूण केली, कुंडी अर्धी फिरवली, आणि रोज खुणा करत गेले. पान हळूहळू खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं. बाबा मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले. "सांधा आहे मानेत. वळतं ते. वंगण नाही, तार नाही, मोटर नाही, आवाजसुद्धा नाही." त्या भिंतीला मी अजून रंग लावू दिलेला नाही.

आता ते छताला टेकलंय. बाबांनी त्याला काथ्या गुंडाळलेला खांब करून दिलाय. ताटाएवढ्या पानांवर धूळ बसते, ती दर रविवारी ओल्या फडक्याने पुसतात, एक हात पानाखाली धरून, तान्ह्याचं तोंड पुसावं तसं. पानांना भोकं का, हे त्यांनी एकदा मला समजावलं. मोठ्या पानांतून उजेड खालच्या पानांपर्यंत पोचावा म्हणून असतील, असं म्हणतात. "आपण मोठं व्हायचं, पण खालच्याचा उजेड अडवायचा नाही," म्हणाले आणि पुढचं पान पुसायला लागले. हे कुठे वाचलं, विचारलं तर उडवून लावलं. दर महिन्याला कोपऱ्यावरच्या टायपिंगच्या दुकानात जायचे, ते पेन्शनचे कागद करायला, असं मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी त्याला फूल आलं. घरात, छोट्या! दुधी रंगाचं एकच पाकळीसारखं आवरण, होडीसारखं, आणि मधे दांडा. त्या दांड्याचं फळ व्हायला पुरतं वर्ष लागलं. कणसासारखं, पण हिरव्या षट्कोनी खवल्यांनी मढलेलं. एवढे नेटके खवले मी कवळ्यांचं काम करूनही आयुष्यात पाहिले नाहीत. मी एकदा चाखायला निघाले तर बाबा ओरडले, "कच्चं खाल्लंस तर घसा सोलून निघेल. खवले आपणहून गळले पाहिजेत."

आणि आता खरं कारण. परवा मी टायपिंगच्या दुकानात माझे कागद घेऊन गेले. टायपिस्टबाई म्हणाल्या, "तुमचे बाबा तीन दिवस येतायत, कागद काढतात, परत खिशात घालतात. काल इथेच विसरले." आणि हसून पुढे म्हणाल्या, "उत्तरं देणारा तो काचघरातला माणूस फार हुशार आहे, असं प्रत्येक वेळी सांगतात हो. जेवढा हुशार तेवढाच धीराचा, म्हणतात." तुझ्या काचघराला दुकानाच्या पत्त्यावरून, स्वतःचं नाव न घालता, प्रश्न पाठवणारे ते चौकस म्हातारे गृहस्थ, ज्यांची पत्रं तू मला फोनवर वाचून दाखवतोस, ज्यांना तू चित्रं काढून दोन-दोन पानी उत्तरं देतोस, ते आपले बाबा आहेत. तुझी सगळी उत्तरं त्यांच्या हत्यारांच्या पेटीत आहेत, पान्यांच्या वरच्या कप्प्यात. मी काल पाहिली. विसरलेल्या कागदावर त्यांच्या हाताने लिहिलंय, तीनदा खोडून: "महोदय, फळ पिकायला लागलं आहे. या वेळचा प्रश्न झाडाबद्दल नाही. रागावून गेलेल्या मुलाला घरी बोलवायचं असेल, तर पत्राची सुरुवात कशी करावी?" छोट्या, याचं उत्तर टपालाने पाठवू नकोस. कालपासून खवले गळतायत, पिकलेलं फळ जेमतेम आठवडाभर टिकतं. तू ये.

वाट बघणारी, तुझीच,
ताई