थरथरणारा काटा

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ९.१०
ताईच्या टॅक्सीखाली आडवा पडून गिअरबॉक्सच्या तेलाचं प्रेशर मोजायचं मीटर जोडत होतो. गाडी थंड असली की ऑटोमॅटिक गिअर नीट पडतो. तासभर चालली की घसरतो – इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. मीटर लागायच्या आधीच आमच्या गॅरेजच्या उस्तादांनी निकाल दिला, “गिअरबॉक्सचा पंप गेला. भंगार!” भाऊजी लगेच, “मग विकूनच टाकू.” टॅक्सी ताईची, चालवतेही तीच.
थंड गाडीत प्रेशर बरोबर आहे.

बुधवार, ५ मार्च
गाडी तापवली. प्रेशर उतरलं. उस्ताद म्हणाले, “काय मास्तर, पटलं?” (शाळा नववीत सुटली, पण जॉबकार्डावर ऱ्हस्व-दीर्घ चुकू देत नाही, म्हणून मी मास्तर.)
नाही पटलं. काटा नुसता खाली आला नाही – थरथरत होता! पंप झिजला असता तर काटा खाली येऊन गप्प बसला असता. थरथरतोय म्हणजे पंप तेलाबरोबर हवा ओढतोय. तेल पाहिलं. फेस!
चुकलो तर उस्ताद वर्षभर चिडवतील, आणि ताईची गाडी जाईलच. तरी उद्या गिअरबॉक्सखालचा तेलाचा ट्रे उघडणार.

गुरुवार, ६ मार्च
फिल्टर ओढून काढला. त्याच्या नळीवर रबराची रिंग, नवीच. नळी बसते त्या भोकात बोट घातलं तर आत आणखी एक! मागे फिल्टर बदलला त्या गॅरेजवाल्याने जुनी रिंग काढलीच नव्हती, तिच्यावरच नवी दाबली. नीट कुठलीच बसली नाही, फटीतून हवा शिरून तासाभरात तेलाचा फेस. जुनी काढली, फिल्टर बसवला, तेल भरलं, गाडी तापवली. प्रेशर जागेवर. काटा गप्प!
उस्तादांनी मीटरला टिचकी मारली. “अडकलं तर नाही ना हे?” मग हसले, “मास्तर, पास!”
आनंदाने भाऊजींना फोन केला. ते हळूच म्हणाले, “ताईला पंप गेला असंच सांग. घरी तरी बसेल.”
जॉबकार्डावर लिहिलं, ‘जुनी रिंग काढली. पंप ठीक.’

शुक्रवार, ७ मार्च
ताईला एकटीलाच बोलावलं. किल्ली दिली, शेजारी बसलो. भाऊजी काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “दार नीट लाव,” आणि गिअर टाकला.