अकरावे कलम

नई जिंदगी, सोलापूर
रविवार, सकाळ

प्रिय हमजाभाई,

हे पाकीट अजीजाखाला तुझ्या हातात देईल. ते उघडून तिला किंवा खालूंना वाचायला देऊ नकोस. नववीपर्यंत तू मराठी शाळेत होतास; वेळ लागेल, पण सगळे वाचता येईल. म्हणून अक्षर मोठे काढले आहे आणि ओळींत जागा सोडली आहे. मी सातवीत असल्यापासून आपल्या घरात आलेला प्रत्येक कागद मी वाचला आणि तुम्ही ऐकलात. हा मात्र तू एकट्यानेच वाचावास. का, ते सांगायला मला थोडा वेळ लागणार आहे.

आधी घरचे सांगते. अम्मीची तब्येत ठीक आहे. तुला कुर्डुवाडीला पाठवल्यापासून तिचे घरात लक्ष नाही, पण खालाचे क्वार्टर तळमजल्यावर आहे आणि आपला जिना तुला चढवणार नाही, हे तिला पटले आहे. अब्बांच्या छोट्या हत्ती टेम्पोवर ताडपत्री घातली आहे. बॅटरी उतरली असेल; पाहायचे धाडस कोणी करत नाही. परवा चिंचोळीच्या कंपनीत लागलेला तुझा गुरु आला होता. तू होटगी रोडच्या पार्सल कंपनीत सही केलेला कागद देऊन आलास, त्या दिवशी याच जिन्यात उभा राहून तो तुला म्हणाला होता, “काय ओ पार्टनर, तुमी तर मालक झाला की! आमी आपले पगारी गडी, सलाम ठोकतो.” आणि तू त्याला टोपी काढून सलाम करायला लावला होतास. परवा त्याने एकही विनोद केला नाही. चहा निवेपर्यंत कप हातात धरून बसला आणि जाताना म्हणाला, “हमजाला सांग, गाडी न्हाई जमली तर चिंचोळीच्या शेडमदी बसून स्कॅनिंगचं काम निघतंय. मी सायबाला विचारून ठेवलंय.” 

मे महिन्यातला तो रविवार तुला आठवत असेल. दोन्ही कागद सतरंजीवर होते. चिंचोळी एमआयडीसीतल्या कंपनीचा दोन पानी, होटगी रोडच्या कंपनीचा आठ पानी, इंग्रजीत. चिंचोळीला कंपनीची व्हॅन, ठरलेला पगार, भविष्य निर्वाह निधी, आजारी पडल्यास ईएसआयचा दवाखाना, आणि चाळीस किलोवरचे खोके उचलायला दोन माणसे. होटगी रोडला आपली गाडी, आपले डिझेल, आणि पोहोचवलेल्या प्रत्येक पार्सलमागे दर. गाडी जितकी पळवावी तितकी मिळकत. तू दोन्हींकडे पाहिलेसही नाहीस. “मला दोनी सारकेच. तू वाच आन् सांग,” म्हणालास. स्वयंपाकघरातून अम्मी म्हणाली, “अरिबा पढी है ना, बस हुआ. आंख मूंदके सही कर.” आपल्याकडची ती रीतच झाली होती. मी ओळीवर बोट ठेवून वाचायचे, अर्थ आपल्या बोलीत सांगायचा आणि शेवटी बोट जिथे थांबेल तिथे तुम्ही सही करायची. रेशनच्या अर्जापासून अब्बांच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रापर्यंत कोणी मला दुसऱ्यांदा विचारले नव्हते.

मी तुला सांगितले की चिंचोळीला गेलास तर अब्बांची गाडी विकावी लागेल. ते खरे होते. गाडी दारात ठेवून तिचा कर आणि विमा भरणे आपल्याला झेपले नसते. पण ते वाक्य मी बोलले ते खरे होते म्हणून नाही. अब्बांनी शेवटपर्यंत, पंधरा वर्षे, त्या गाडीतून चादरींचे गठ्ठे वाहिले. तिच्या स्टिअरिंगवर हात ठेवल्याशिवाय तू ईदच्या नमाजालाही जात नाहीस. गाडीचे नाव काढताच तुझा निर्णय झाला, हे तुझ्या चेहऱ्यावर मला दिसले, आणि दिसावे म्हणूनच मी ते काढले होते.

माझ्या वहीत त्या वेळी पुण्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचे पत्र होते. दहा जुलैपर्यंत शुल्क भरायचे होते. चिंचोळीच्या पगारात ते बसणारे नव्हते. होटगी रोडच्या दरात, तू पहिल्याच महिन्यात जोर लावलास तर, बसणारे होते. तू किंवा अम्मी मला नको म्हणाला असतात, असे नाही. तुम्ही कधीच नको म्हणाला नसतात, म्हणूनच मला मागता आले नाही. मागितले असते तर तू कदाचित तोच कागद उचलला असतास. पण त्यातले सगळे ऐकून उचलला असतास.

तुला आठवते, दहाव्या कलमानंतर मी बाराव्यावर गेले आणि तू मला अडवलेस? दिवसभर खोकी मोजणारा माणूस तू. “दस के बाद बारा? ग्यारा किधर गया?” म्हणून हसलास. मी म्हणाले, अकरावे मोठ्या शहरांसाठी आहे, मुंबई-पुण्यासाठी, ते आपल्याला लागू नाही. तू म्हणालास, “बरं हाय की मग, सोलापूर छोटंच ऱ्हाऊ दे.” अम्मीही हसली. मग मी शेवटच्या पानावर बोट ठेवले आणि तू सही केलीस.

भाई, अकराव्या कलमात शहरांचा उल्लेखच नाही. त्यात लिहिले आहे की काम करताना भागीदाराला इजा झाली किंवा मृत्यू आला तर कंपनीवर कोणतीही जबाबदारी राहणार नाही. उपचार, विमा आणि जड सामानासाठी मदतनीस ही सर्व व्यवस्था भागीदाराने स्वतःच्या खर्चाने करायची आहे. निवेदिता माझी बाजू घेताना सगळ्यांना सांगते की मी मराठी माध्यमातली, इंग्रजी कायद्याची भाषा, वाचण्यात चूक होणारच. ती माझी जिवलग मैत्रीण आहे आणि मला वाचवायला पाहते. पण चूक झाली नव्हती. आदल्या दिवशी दुपारी मी ‘लायबिलिटी’ हा शब्द कोशात काढून पाहिला होता. अर्थ पेन्सिलीने वहीत लिहून घेतला होता. मला ते कलम पूर्ण समजले होते.

मी पुण्याला गेले. तिथल्या ग्रंथालयात बसून तुझे आवाजी निरोप ऐकत होते, “आज सत्तर पार्सल मारले गं, तू आरामात शीक.” ऑक्टोबरात सणाची गर्दी सुरू झाली. जुळे सोलापुरातल्या त्या इमारतीची लिफ्ट बंद होती, तिसऱ्या मजल्यावर व्यायामाचे यंत्र पोहोचवायचे होते आणि दुसरा माणूस नव्हता. पाठीवर खोके घेऊन तू एकटा चढलास. दुसऱ्या वळणावर पाय सरकला आणि ते यंत्र तुझ्या डाव्या गुडघ्यावर आले. आता तो गुडघा वाकणार नाही, क्लच दाबता येणार नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितले. तेव्हाही तू माझ्याकडे पाहून म्हणालास, “रडू नको. तुझी काय गलती? तू तर बरोबर वाचलं होतं.”

कंपनीने तेच अकरावे कलम दाखवून हात वर केले, आणि तुझा एकाच गोष्टीवर विश्वास राहिला, की अरिबाने वाचले ते खोटे असणार नाही, आपल्याकडे तर नक्कल नाही, म्हणजे सहीनंतर कंपनीनेच पान बदलले. हे तू वीरभद्रप्पाकाकांना सांगितलेस. त्यांनी गिरणी कामगारांसाठी तीस वर्षे भांडणे केली. त्यांनी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि अर्ज लिहिला. त्यात पान बदलल्याचा आरोप दुर्गावर ठेवला आहे. ही दुर्गा म्हणजे कंपनीच्या खिडकीवरची ती मुलगी, जिने आपल्याला कागद दिले आणि म्हणाली होती, “घरी न्या, सावकाश वाचा, घाई करू नका.” तिला कामावरून घरी बसवले आहे. मंगळवारी ती मला बाजारात दिसली. तिने मला ओळखले आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली.

येत्या गुरुवारी कामगार कार्यालयात सुनावणी आहे, आणि हे पत्र त्यासाठी आहे. काकांनी माझे प्रतिज्ञापत्र टंकून आणले आहे. मी वाचलेले अकरावे कलम मोठ्या शहरांपुरते होते आणि कंपनीचे पान नंतरचे आहे, असे त्यात आहे. “पोरी, केस तुझ्या सहीवर उभी हाय बघ,” असे ते म्हणाले. मी सही केलेली नाही आणि करणार नाही. मी साक्षीला आले तर मला विचारले जाईल आणि वर लिहिले आहे ते सगळे मी सांगेन, शब्दकोशासह. मग कंपनीचा वकील म्हणेल, आम्ही पूर्ण कागद दिला होता, घरच्यांनीच त्याला फसवले. आणि दुर्गा सुटेल, पण तुझा दावा बहुधा तिथेच पडेल. माझ्या खोट्याची किंमत तुझ्या पायाने भरली आणि खरेपणाचीही तुलाच भरायची आहे, हे मला कळते. त्यापेक्षा कमी वाईट असे काही मी पंधरा दिवस शोधते आहे, सापडले नाही. काका म्हणतात, माझे नाव साक्षीदारांतून काढायचे असेल तर बुधवारपर्यंत अर्जदाराने, म्हणजे तू स्वतः, त्यांना फोन करावा. मग मी गप्प राहिले तरी खोटे बोलावे लागणार नाही, पण दुर्गाचा आरोप तसाच राहील. म्हणून तू फोन केलास तरी मी तिच्या घरी जाऊन तिला सगळे सांगणार आहे. पुढे काय करायचे ते ती ठरवेल. फोन केला नाहीस तर गुरुवारी अकरा वाजता मी तिथे येईन. अम्मी तुझ्या शेजारी बसलेली असेल आणि तिला अजून काहीच माहीत नाही. हे पहिल्यांदा त्या खोलीत, तिच्यासमोर, परक्या माणसांच्या तोंडून तुझ्या कानावर पडू नये, एवढ्यासाठी लिहिले.

तू म्हणशील तोवर तुझीच,
अरिबा