माटोळीची महागाई आणि अर्जदाराच्या घरची आरती

दिनांक : २५ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
डिचोली, गोवा.

विषय : भाववाढीची शिक्षा म्हणून घुमट-आरती बंद करणारा ठराव रद्द होण्याबाबत.
संदर्भ : पोफळवाड्याच्या बैठकीतील कालचा एकमुखी ठराव.

महोदय,

१. अर्जदार डॉ. कृष्णनाथ गावस, राहणार पोफळवाडा, याने मुंबईच्या एका संशोधन संस्थेत आयुष्यभर व्याजदर आणि महागाई यांचा अभ्यास केला. त्याचे अहवाल जाडजूड असत आणि वाचणारे तिघेच; पैकी एक अर्जदार स्वतः. त्याच्या सांगण्यावरून व्याजाचा दर कधी तसूभरही हलला नाही.

२. निवृत्त होऊन गावी परतल्यावर, मागच्या रविवारी ग्रामसभेत अर्जदाराच्या हातून आगळीक घडली. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीची फळे, सुपारीचे घड इतके महाग का, असे कोणीतरी विचारले. शहाण्या माणसाने खांदे उडवले असते. अर्जदाराने पाऊण तास व्याख्यान झोडले. भाव वाढणार असे लोकांना वाटू लागले की ते खरोखर वाढतात, आणि यंदाही वाढतील, असे सांगून तो मोकळा झाला. सभा कान देऊन ऐकत होती याचा त्याला अभिमानच वाटला.

३. दुसऱ्याच दिवशी सुपारीच्या घडाचा भाव दुप्पट झाला. काल बैठकीत आरती मंडळाचे प्रमुख श्री. गौरेश यांनी, "साहेब, भाव वाडटले अशें तुमीच म्हणलें, आनी वाडले. आतां तुमीच देंवयात," म्हणत भाव खाली आणायचे फर्मावले. भाव उतरेपर्यंत अर्जदाराच्या घरी कोणी आरतीला जायचे नाही, असे ठरले. अर्जदाराला झोंबते ते हे, की त्याच्याच सिद्धांतानुसार हा आरोप बरोबर आहे. मुंबईत जे कोणालाच पटले नाही, ते पोफळवाड्याला एका बैठकीत पटले.

४. अर्जदाराने लगेच तिठ्यावर उभे राहून भाव उतरणार असे जाहीर केले. कोणाचाही विश्वास बसला नाही. व्यापाऱ्यांनी मात्र त्याला चहा पाजला आणि ग्रामसभेतले व्याख्यान पुन्हा देण्याची गळ घातली.

५. हा विषय आपल्या कक्षेत येत नाही, हे ठाऊक आहे. सुपारीही अर्जदाराच्या कक्षेत येत नव्हती. परंतु गेल्या वर्षी वडील वारल्यामुळे घरात चवथ झाली नाही. ते मंडळात घुमट हे मातीचे वाद्य वाजवत. ते घुमट आई सुमंगला हिने पुसून ओसरीवर ठेवले आहे, आणि परवा आरतीला कोण कोण येणार, असे ती सारखे विचारते. तिला ठराव सांगण्याची अर्जदाराची छाती होत नाही. तिच्या तोंडाकडे पाहून त्याचा जीव तुटतो.

६. सबब ठराव रद्द व्हावा. ते जमत नसल्यास सुपारी, नारळ आणि देशातील एकंदर महागाई स्वतःच वाढवली, असे अर्जदार लिहून देत आहे. मंडळाने परवा रात्री घरी यावे, एवढीच विनंती.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
(सही)
डॉ. कृष्णनाथ गावस

सोबत :
१) ठरावाची प्रत.
२) महागाईचा कबुलीजबाब, सहीसह. आणखी कशाची भाववाढ नोंदवायची असल्यास खाली जागा कोरी सोडली आहे.