दोन वर्षं गाडीखाली गेलो नाही

अण्णा, आईचे गुडघे आता कसे आहेत? तिकडे पायऱ्या चढाव्या लागत नसतील अशी आशा आहे. काकांचा दमा उतरला का, की अजून भिंतीला टेकून बसूनच झोपतात? अक्काला शेवटी शेवटी कुणी ओळखू येत नव्हतं, मला ती पोस्टमन समजायची. तुम्हांला तरी ओळखते ना? आणि तुमचे डोळे? मोतीबिंदू काढायचं पुढच्या महिन्यावर टाकत टाकत तसेच निघून गेलात. इकडे घरात आम्ही चौघं आहोत. मी, तुमची सून, माझी लेक आणि तिची मुलगी. त्यातल्या दोघी या घटकेला कशा आहेत ते मला माहीत नाही. म्हणून लिहायला बसलो.

आज शनिवार. नात तिरुवैयारुला गाणं शिकायला जाते, दहाची शिकवणी असते, लेक तिला गाडीने नेते. नऊ वाजून गेल्यावर निघाल्या. लेकीने गाडी मागे घेत फाटकाबाहेर काढली आणि तुमच्या सुनेने सकाळी दारात काढलेल्या कोलमच्या रांगोळीवर ब्रेक दाबून उभी केली, कारण नात ओरडत परत आली होती, "ताता, माझी वही कुठे ठेवलीस?" मी म्हटलं, "तुझ्या काखेत आहे ती काय इडली आहे का?" हसत पळाली. गाडी गेली. मी फाटक लावायला गेलो आणि तिथेच उभा राहिलो. तांदळाच्या पांढऱ्या पिठावर बोराएवढे चार-पाच ओले डाग होते, आणि मग एक बारीक ओली रेघ, रस्त्याकडे वळलेली.

पहिल्यांदा मनात आला तो वॉल्व्ह. तुम्हांला हा ठाऊक नाही, सांगतो. इंजिनच्या खाली चेंबरला तेल काढायचा बोल्ट असतो ना, ज्याच्यासाठी तुम्ही पाना घेऊन पाठीवर सरपटत जीपखाली जायचात, त्या बोल्टच्या जागी आता पितळेची छोटी तोटी बसवता येते. तिला एक दांडी असते. दांडी उचलायची, पाव फेरा फिरवायची, की जुनं तेल नळीतून थेट डब्यात. पाना नको, वायसर नको, कोपरापर्यंत काळे हात नकोत. माझे गुडघे आईच्या वळणावर गेले, खाली बसलो की उठवायला माणूस लागतो, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ती मागवली. शेजारच्याने गाडीखाली जाऊन बसवून दिली आणि बाहेर येऊन म्हणाला, "सार, आता तेल म्हणजे तुमच्या घरचं नळाचं पाणी. उद्या खाटेवर पडून बदला!" मी हसलो. तेव्हापासून तीन पायांच्या मुक्कालीवर बसतो, चाक वळवून ठेवतो, मागे हात घालतो, दांडी फिरवतो, आणि तेल गळेपर्यंत दारच्या ओट्यावर, तिण्णैवर येऊन कॉफी पितो. कालही तसंच केलं.

तर मला वाटलं, दांडी पुरती बसली नसेल, नवं तेल गळतंय. बोट लावलं. पातळ होतं, वास तिखट होता. मग तुमच्याच पद्धतीने पारखलं, तांब्यातलं पाणी ओतलं. इंजिनचं तेल असतं तर पाण्यावर तवंग धरून तरंगलं असतं. हे पाण्यात मिसळून गेलं. पाण्यात मिसळतं ते ब्रेकचं तेल, हे तुम्ही मला शिकवलं होतंत.

तुमची ती जीप आत्ता समोर दिसते आहे. शेतकी खात्याची, ओरत्तनाडूपासून कालव्याकालव्याने चिखल तुडवून आलेली, रविवारी आपल्या दारात उभी. तुम्ही गोणपाट अंथरता, खाली जाता, बोल्ट सोडता. तेल गळायला चांगला वेळ लागतो, आणि तेवढा सगळा वेळ तुम्ही खालीच. आई दारातून विचारते, "झोपलात का हो तिथेच?" टॉर्च एका एका पाइपवरून सरकत असतो, मागोमाग तुमचं बोट, आणि प्रत्येक सांध्यापाशी ते बोट नाकाशी जातं. मला वाटायचं, अण्णांना घरातल्या कटकटीपासून लपायला बरी जागा सापडली आहे.

मग तो दिवस, मी कॉलेजात जायला लागलो होतो तेव्हाचा. तुम्हांला ताप होता, तेल मी एकट्याने बदललं. भराभरा बोल्ट काढला, बाहेर येऊन बसलो, तेल गळल्यावर बोल्ट लावला आणि मोठ्या ऐटीत तुमच्या खाटेपाशी आलो. तुम्ही विचारलंत, "काय पाहिलंस?"

"काळं झालं होतं तेल."

"तेल तर डब्यात दिसतं. खाली कशाला गेला होतास?"

"बोल्ट काढायला."

"बोल्ट काढायला पानासुद्धा जातो," तुम्ही म्हणालात. आई हसली, तुम्ही हसला नाहीत. अंगात ताप असताना उठलात, माझ्या दंडाला धरून मला परत गोणपाटावर झोपवलंत, आणि टॉर्च माझ्या हातात दिलात. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या पाइपवर गंजाचा फोड आला होता. नखाने टोकरल्यावर ओला निघाला. तुम्ही वाकून एवढंच बोललात, "याच्यावर उद्या चार माणसं बसणार होती."

अण्णा, तेल हे तुमचं निमित्त होतं. वर्षातून दोनदा तुम्हांला जबरदस्तीने खाली नेणारं निमित्त. मी तोटी बसवली आणि ते निमित्तच काढून टाकलं. दोन वर्षं त्या गाडीचं पोट कुणी पाहिलेलं नाही. पावसाळ्यात कालव्याकाठच्या रस्त्यांनी गेली, चिखल तसाच वाळला, त्याच्या आड काय कुजलं असेल ते आता मला इथे बसून सगळं दिसतं आहे.

लेकीला सहा वेळा फोन लावला. उचलत नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा नियम मीच घातलेला. शेजारचा मोटारसायकल काढून त्यांच्या मागे गेला, शर्टाची बटणंही न लावता. "तुम्ही बसा सार, मी गाठतो," म्हणाला. तिरुवैयारुच्या वाटेवर एकामागून एक पूल आहेत, नदी संपली की दुसरी नदी, आणि प्रत्येक पुलाच्या तोंडाशी बस अंगावर येते. दहा वाजून दहा मिनिटांनी गाण्याच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अजून आल्या नाहीत. एरवी लवकर येतात." मागे दुसऱ्या मुली स्वर लावत होत्या.

तुमच्या सुनेला सांगितलेलं नाही. ती आत वांगी चिरते आहे, नातीला आवडतात म्हणून. मघाशी बाहेर डोकावली. "एवढं काय लिहिताय? पेन्शनचा अर्ज का?"

"हो, पेन्शनचाच."

"मग चष्मा पुसा आधी. थेंब पडतायत कागदावर."

ती तमिळ वाचते, लेकही तमिळ वाचते, नातीला मराठी कळतं पण बोलायला सांगितलं की लाजते. तुम्ही जीपच्या धुळकट बॉनेटवर बोटाने जी अक्षरं मला शिकवलीत, ती या घरात माझ्यानंतर कुणालाच येत नाहीत. म्हणजे हा कागद टेबलावर उघडा पडला तरी तुमच्याशिवाय कुणी वाचणार नाही. पत्ता नाही, तिकीट नाही, टाकायचाही नाही. म्हणून त्यावर एक गोष्ट लिहितो, जी तुमच्या सुनेला आणि त्या शेजाऱ्यालाही मला सांगता आली नाही. सकाळी गाडीत बसताना लेक म्हणाली होती, "अप्पा, परवापासून ब्रेक पायाला मऊ लागतोय. काल तेल बदललंत तेव्हा खाली बघितलंत ना?" मी म्हणालो, "बघितलं. सगळं नीट आहे. जा."

तिने लगेच मान हलवली आणि चावी फिरवली. माझ्या शब्दावर.

साडेदहा होत आले. फोन समोर ठेवला आहे, वाजत नाही. अण्णा, तुम्ही मात्र लवकर लिहा. सकाळपासून आपल्या घरचं कुणी तिकडे येऊन पोचलं आहे का, एवढंच, एका ओळीत. नाही असंच लिहा.