चिलखत कोणी घालावे याविषयी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कामातून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. उलट घरात सगळे "आत्ताच कशाला, बाबा?" असेच म्हणत आहेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

१. राहते घर मुलगा व सूनबाई या दोघांचे, निम्मे निम्मे. मागच्या खोलीचे दार अडकते. ते ढकलू नये, आधी उचलावे. सुतार बोलावण्याची गरज नाही.

२. बँकेतील शिल्लक मुलाची. त्यातून त्याने पोहण्याच्या तलावाला लहान मुलांसाठी तरंगत्या फळ्या घेऊन द्याव्यात. माझी पत्नी तिथे शिकवीत असे व जुन्या फळ्यांबद्दल रोज घरी येऊन तक्रार करीत असे. तक्रार ऐकणारा मी होतो, तलावाचा व्यवस्थापक नव्हता.

३. चिलखत. हे माझ्या पत्नीचे आहे. ती चव्वेचाळीस वर्षांची असताना आम्ही एका मैदानावर जुन्या काळच्या लढाईचा खेळ पाहिला. खऱ्या पोलादाची चिलखते, बोथट पण खऱ्या वजनाच्या तलवारी, पाच विरुद्ध पाच, जो आडवा झाला तो बाद. परत येताना ती म्हणाली, "मला हे करायचंय."

"लागेल ना तुला," मी म्हणालो.

"मग लागणार नाही असं काहीतरी बनव. तुला पत्रा वाकवता येतो."

कवळीतला पत्रा नखाएवढा असतो, हे मी तिला सांगितले नाही.

चार वर्षे लागली. हे खेळ भरवणाऱ्या मंडळाचा नियम असा की एका माणसाच्या अंगावरची प्रत्येक वस्तू एकाच वीस वर्षांतली असावी आणि त्या काळच्या पद्धतीने केलेली असावी. आम्ही इसवी सन १३८० ते १४०० ही वर्षे घेतली. शिरस्त्राणाच्या खाली मान झाकणारी कड्यांची झालर असते. तिची एकेक कडी चपटी करायची, तिला भोक पाडायचे आणि मोहरीएवढ्या रिव्हेटने बंद करायची. पत्नी कड्या गुंफायची, मी बंद करायचो. दोन हिवाळे आमच्या घरात कोणीही कुठेही बसले की टोचत असे.

त्यानंतर ती चौदा वर्षे लढली. दोन वर्षांपूर्वी गेली. लढताना नव्हे, न्यूमोनियाने. लोक विचारतात म्हणून लिहिले.

चिलखत कवळीसारखे असते. एकाचे दुसऱ्याला बसत नाही. मंडळाने दोनदा माणूस पाठवला, आमच्या पाचात एक जागा रिकामी आहे, चिलखत द्या, थोडेफार कापून कोणाला तरी बसवू. दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. सबब चिलखताचे सर्व तेवीस भाग मुलाकडे जावेत. त्याने दिवाणखान्यात काचेचे कपाट करून त्यात ते मांडावेत. एकही भाग कापू नये, ठोकू नये, सैल करू नये, कोणाच्या अंगावर चढवू नये.

मुलगा खूश आहे. कपाटाचे माप घेऊन गेला. सूनबाई काही बोलली नाही. हे चिलखत एकट्याने चढवता येत नाही, पाठीचे पट्टे दुसऱ्यानेच कसावे लागतात, आणि शेवटची सहा वर्षे ते काम तिने केले आहे. ती काहीतरी बोलेल असे मला वाटले होते. पण मी विचारले नाही. आमच्या घरात विचारण्याचे काम पत्नीकडे होते.

४. चिलखताच्या मापासाठी घेतलेला पत्नीच्या धडाचा प्लॅस्टरचा साचा मागच्या खोलीतच राहावा. त्यावर कोणी टोप्या टांगू नयेत. डाव्या बाजूला एक लाट दिसते. प्लॅस्टर ओले असताना तिला शिंक आली होती.

५. ऐरण व मोठे हातोडे मंडळाच्या लोहाराला द्यावेत. हा गृहस्थ इतर दिवशी शाळेची बस चालवतो आणि दोन्ही कामे सारख्याच आवाजात करतो. कवळ्यांच्या कामाचे लहान हातोडे घरी राहावेत. त्या हातोड्यांनी भिंतीत खिळे ठोकू नयेत. मुलाने हे दोनदा वाचावे.

६. मंडळाचे तपासनीस, ज्यांना सगळे पूर्वी पाठीमागे आणि हल्ली तोंडावरही फूटपट्टी म्हणतात, त्यांच्याविषयी. पहिल्या तपासणीत त्यांनी पत्नीच्या आतल्या जाड अंगरख्याची काख उलटी करून भिंगातून पाहिली.

"ही शिवण मशीनची आहे."

"काखेत कोण बघायला येतंय?" पत्नी म्हणाली.

"मी आलोय ना."

तिने सगळा अंगरखा उसवून हाताने शिवला. पुढच्या वर्षी त्यांनी मी केलेले शिरस्त्राण नापास केले. म्हणाले, रिव्हेट फारच एकसारखे आहेत, त्या काळी इतके एकसारखे कोण मारत होतं? मी म्हणालो, चांगला कारागीर. ते म्हणाले, पुरावा? त्यानंतर मी त्यांच्याशी तीन वर्षे बोललो नाही. माझे बोलणे मुळातच कमी असल्याने हे त्यांच्या लक्षातही आले नाही, याचा मला अधिक राग आहे.

तरीही माझे कामाचे भिंग त्यांना द्यावे असे मी ठरवले होते. वकीलबाई म्हणाल्या की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, तेव्हा भिंग हवे की साक्षीदार व्हायचे, ते त्यांनाच विचारून घ्या. विचारले. ते म्हणाले, "भिंग आहे माझ्याकडे. साक्षीदार होतो. तारखा नीट बघणारं कोणीतरी हवं." सबब भिंग सूनबाईस.

७. माझ्या अंत्ययात्रेला मंडळींनी चिलखत घालून येऊ नये. पत्नीच्या वेळी आले होते. दिसायला छान दिसले, पण उन्हात दोघांना चक्कर आली आणि लोक रडायचे सोडून त्यांचे पट्टे सोडू लागले. तिला हे फार आवडले असते. मला साधे कपडे चालतील.

८. येथवर लिहून झाल्यावर रविवारी, ३ नोव्हेंबरला, पुढील प्रकार घडला. तो नोंदवणे भाग आहे.

चिलखताची यादी करायची म्हणून मुलगा स्वयंपाकघरात टेबलापाशी कागद घेऊन बसला होता. सूनबाई मागच्या खोलीतून एकेक भाग आणून ठेवीत होती.

"गुडघ्याच्या वाट्या, दोन."

"आल्या."

"शिरस्त्राण, झालरीसकट."

शिरस्त्राण येईना. थोड्या वेळाने पत्र्याच्या डब्यातून यावी तशी हाक आली. "बाबा! जरा इकडे या. तुम्ही एकटेच."

अर्थात मुलगा आधी पोचला.

ती खोलीच्या मध्यभागी उभी होती. घरातल्या कपड्यांवर छातीचा पत्रा एका खांद्याला लोंबत होता, डोक्यात शिरस्त्राण, समोरची झडप खाली.

"केस अडकलेत," ती म्हणाली.

आमच्या मंडळात पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात, की आधी कापडी टोपी, मग शिरस्त्राण. मोकळ्या डोक्यावर घातले की केस झालरीच्या कड्यांत जातात आणि परत येत नाहीत. सूनबाईने सहा वर्षे सासूच्या डोक्यावर ती टोपी चढवली, एकदाही विसरली नाही. स्वतःच्या डोक्याचा प्रश्न तोवर आलाच नव्हता.

"कात्री आणतो," मुलगा म्हणाला. "केस काय, वाढतील परत."

"तुझे काप," आतून उत्तर आले. "तुला आहेत कुठे म्हणा!"

मी विचारले, "दुखतंय का?"

"मान हलवली की दुखतं. बाबा, मी मुद्दामच घातलं हे. छातीचंही लावून बघत होते. बाजूचा पट्टा पोचत नाही, चार बोटं कमी पडतो."

मी पाहिले. तीनच बोटे कमी पडत होता.

"मला त्या पाचव्या जागेवर उभं राहायचंय," ती म्हणाली. झडप खाली होती म्हणूनच बहुधा तिला हे बोलता आले. "आईंनी एकदा विचारलं होतं मला, येतेस का म्हणून. मी नको म्हटलं. दोघी एकदम उतरलो असतो तर पट्टे कोणी कसले असते?"

हे मला ठाऊक नव्हते.

"मला का नाही सांगितलं?" मुलाने विचारले.

"तू कपाटाचं माप घेत होतास."

मुलाने तोवर कात्री आणून माझ्या हाताजवळ ठेवली होती. मी स्टुलावर बसलो, चष्मा लावला आणि कटर घेतले. रिव्हेट मारलेली कडी उघडत नाही, तोडावीच लागते. अकरा तोडल्या. मुलाने टॉर्च धरला आणि तुटलेली प्रत्येक कडी बशीत ठेवली. पाऊण तास लागला. शिरस्त्राण निघाले तेव्हा सूनबाईचा चेहरा लालबुंद झाला होता, पण केस सगळे जागेवर होते.

नंतर मुलाने विचारले की केस का नाही कापले. दोन वर्षे त्या कड्यांवरची धूळसुद्धा मी फुंकरीने उडवीत होतो. पण हात गेला तो कटरकडेच.

ज्याने स्वतःच अकरा कड्या तोडल्या, त्याने इतरांना एकही भाग कापू नये असे बजावणे बरे दिसत नाही.

९. सबब तिसऱ्या कलमातील चिलखताची व्यवस्था रद्द. वकीलबाईंनी ते पान फाडून नव्याने लिहायला सांगितले होते. मी तिरकी रेघ मारून शेजारी सही केली आहे. रेघेखालचे वाचता येते, ते वाचावे.

चिलखताचे सर्व भाग सूनबाईचे, घालून लढण्यासाठी. तिने ते हवे तसे कापावेत, ठोकावेत, सैल करावेत. पट्टा लांब करून वेळ मारून नेऊ नये. बाजूला तीन बोटांची नवी पट्टी जोडावी. मांडीचे पत्रे तिला लांब होतील, ते वरून कापावेत, खालून नव्हे, नाहीतर गुडघा वाकणार नाही. हातमोजे आहेत तसेच बसतात, ते मी पाहिले आहे. पुढेमागे तिला लढणे नकोसे झाले तर लढणाऱ्या दुसऱ्या कोणाला द्यावे. त्याने पुन्हा कापावे.

काचेच्या कपाटात काय ठेवायचे ते नवरा-बायकोने आपसात ठरवावे. त्यात मला ओढू नये.

पट्टे मुलाने कसावेत. डावा खांदा आधी कसायचा, नाहीतर उजवा हात वर जात नाही. काल त्याने उजवा आधी कसला. सगळे सोडून पुन्हा करायला लावले. तिसऱ्या खेपेला जमले आणि तो घामाघूम झाला. सूनबाई म्हणाली, "लढायचंय मला आणि दमलास तू!"

या कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. बाजूची पट्टी मी बुधवारी कापली आहे. माझ्या मागे फक्त राहिलेले काम पुरे करावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, मला मान्य आहे.

ठिकाण : राहत्या घरी, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२४

(सही) लिहून ठेवणारा

साक्षीदार पहिले : घरचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरे : मंडळाचे तपासनीस (सही)

दुसऱ्या साक्षीदारांनी स्वतःच्या हस्ताक्षरात घातलेली भर : "सही माझ्यासमोर झाली. तारखा तपासल्या, बरोबर आहेत. पाचव्या जागेवर सूनबाईंचे नाव लिहून घेतले आहे, पेन्सिलीने. तपासणी जानेवारीच्या पहिल्या शनिवारी. त्यानंतर शाईने."