न सुटलेलं कोडं कोणाच्या नावे

मी, वागिरा, कै. कार्तो यांची पत्नी, मेरापी ज्वालामुखीची राख अंगणात पडली त्या वर्षी जन्मलेली, राहणार करांगवुनी, जिल्हा बांतुल, धंदा बाटिकच्या कापडावर मेणाची नक्षी काढणे, हे मृत्युपत्र माझ्या तोंडाने सांगत आहे. लिहिते आहे माझी नात रेत्नो, कारण अक्षरांची आणि माझी ओळख कोणी करून दिली नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. गावचे लेखनिक मुजियोनो यांनी आज सकाळी मला वार विचारून ते तपासलं. मी म्हटलं, "क्लिवोन शुक्रवार. संध्याकाळी गाण्याची बैठक आहे, तेव्हा हात जरा चालवा." त्यांनी लगेच मान्य केलं.

लेखनिकांची एक ताकीद आहे. मृत्युपत्रात खाडाखोड असली की पुढे भांडणं होतात, म्हणून बोललेलं खोडायचं नाही. मत बदललं तर पुढच्या कलमात तसं सांगायचं. हे ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही. चुकलेलं मेण उकळत्या पाण्यात सोडवून पुन्हा काढायची सवय आहे मला.

कलम १. राहतं घर, मागची विहीर आणि फणसाचं झाड मुलगी सुपार्ती हिला. फणस शेजाऱ्यांच्या बाजूला वाकला आहे, तो कापायचा नाही. त्यांना तो दिसतो आणि काढता येत नाही, एवढं सुख मी मेल्यावरही राहू द्यावं.

कलम २. सागवानी कपाट मुलगा पोनिमान याला. किल्ली सुपार्तीला. दोघांनी बोलायला सुरुवात करावी.

कलम ३. मेणाची नक्षी काढायच्या माझ्या सातही तांब्याच्या लेखण्या आणि मेणाची शेगडी रेत्नोला. "म्बाह, मला कुठे नक्षी येते?" असं ती आत्ता लिहिता लिहिता म्हणाली. येत नाही, हे खरं. शीक.

रेत्नो, फाटकाशी कोण आहे बघ. कोणी नाही? बरं.

कलम ४. बकरी शेजारच्या सुकीरला, कारण ती तशीही त्याच्याच परसात चरते. चहाची मोठी किटली टपरीवाल्या पाइनाला. कानातले सोन्याचे डूल थोरल्या सुनेला. तिने ते तीनदा मागितले आणि तीनदा मी बहिरी झाले.

कलम ५. हे मोठं आहे. पाणी दे आधी.

दर पस्तीस दिवसांनी, क्लिवोन शुक्रवारी, आमच्या गावात, माझ्याच ओसरीवर, गाणी म्हणणाऱ्यांची बैठक बसते. गाण्यातून कोडी घालतात. रचणारा आपलं नाव तोडून ओळींच्या सुरुवातीला लपवतो. हे काम वाचणाऱ्यांचं असं लोकांना वाटतं, पण मी ते कानाने करत आले. माझी कित्येक गाणी अशी आहेत, वा, गि, रा, असे माझे तुकडे त्यांच्या तोंडाशी बसवलेले.

एकतीस वर्षांपूर्वी सरपंचांच्या मुलीच्या लग्नात माझी मैत्रीण तुकियेम उभी राहिली. एकाच शेगडीवर मेण तापवून आम्ही लहानाच्या मोठ्या झालो. तिने माझं गाणं म्हटलं. शब्द माझे, चाल माझी, फक्त प्रत्येक ओळीचं तोंड बदललेलं. तिथे तु, कि, येम बसले होते. मंडप डोलत होता. मी जेवण टाकून उठले. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

पुढच्या बैठकीला तिने मला कोडं घातलं. ते असं:

गिरवलं नाही कधी, तरी सारं गाव म्हणतं,
राहतं दुसऱ्याच्या ओठी, मालकाला क्वचित लागतं,
वाटेत कुणी चोरलं, तर परत कोण आणतं?

आमच्या बैठकीचा रिवाज असा, की कोडं ज्याला घातलं त्यानेच सोडवायचं. सुटेपर्यंत घालणाऱ्याने दर बैठकीला यायचं आणि ते पुन्हा म्हणायचं. सुटलं की दोघांनी हात जोडून उठायचं, मग कोणाचं कोणाशी काही देणंघेणं नाही. म्हणून तुकियेम एकतीस वर्षं येते आहे. येते, समोर बसते, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणते, "बोल म्बाक्यू." मी म्हणते, "सावली." ती म्हणते, "चूक." पुढच्या वेळी मी म्हणते, "आवाज." "चूक, म्हातारे." आमच्या दोघींत बोलणं एवढंच.

कलम ६. उत्तर मला पहिल्याच रात्री कळलं होतं. उत्तर आहे नाव. आणि ओळींची तोंडं उलटसुलट करून लावली की कोणाचं नाव तेही कळतं. वागिरा. चोरलेलं तिने तिथल्या तिथे परत आणून ठेवलं होतं. मी मात्र ते उचललं नाही. आधी रागाने. नंतर, उचललं तर ती यायची थांबेल म्हणून.

सबब, माझ्या दफनानंतर रेत्नोने हे उत्तर तुकियेमला सांगावं.

कलम ७. कलम ६ रद्द. सांगू नये. इतकी वर्षं मी तिला फसवलं, हे तिला मी मेल्यावर का कळावं?

कलम ८. कलम ७ रद्द. डॉक्टरांनी सुपार्तीला ओसरीवर नेऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं आहे. डूल मागितल्यावरच मी बहिरी होते. मी न बोलता गेले तर मी तिला माफ केलंच नाही, असंच ती धरून बसेल. सांगावं. की नको? रेत्नो, माझ्याकडे अशी बघू नकोस, लिही.

कलम ९. लेखनिक म्हणतात, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे तो चालत नाही. एक दालिजो गुरुजी आहेतच. दुसरा मिळेना. सुकीरला बकरी गेली, पाइनाला किटली गेली. वाटायच्या भरात मी गाव संपवलं. जिला मी काहीच दिलं नाही अशी आळीत एकच बाई उरली, आणि ती आत्ता बैठकीसाठी फाटकातून आत आली.

मी विचारलं, "तिला उत्तर ठेवलंय ना मी? मग ती कशी चालेल?"

लेखनिक म्हणाले, "उत्तर ही मालमत्ता नाही, आजी."

मग त्यांनी दुसरा नियम काढला. सांगणाऱ्याला वाचता येत नसेल, तर साक्षीदारांसमोर सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं. मी म्हटलं, कलम सहा ते आठ वगळा. ते म्हणाले, वगळता येत नाही. मी म्हटलं, मला चक्कर येते आहे. रेत्नोने पंखा घातला आणि ते वाचत राहिले.

कलम १०. वाचून झाल्यावर जे घडलं ते माझ्या सांगण्यावरून लिहिलं आहे.

तुकियेम पान चघळत होती. तिने पिंक टाकली, तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि म्हणाली, "चूक."

"काय चूक?"

"नाव, हे बरोबर. कोणाचं, ते चुकलं."

"खोटारडी. गि, रा, वा. दुसरं कोणाचं होतं सांग."

"मी कशाला सांगू? पुढच्या क्लिवोन शुक्रवारी पुन्हा म्हणते, नीट कान दे. आणि म्बाक्यू, कोडं उघडं टाकून उठायचं नाही. रिवाज आहे."

गुरुजी छपराकडे बघत राहिले. मी एकतीस वर्षं खोटी उत्तरं दिली होती, तिने एकच दिलं.

कलम ११. सबब, पुढच्या क्लिवोन शुक्रवारपर्यंत मला मरता येणार नाही. हे मृत्युपत्र त्याआधी कोणी अमलात आणू नये. त्या दिवशी माझं उत्तर "वारा" असेल.

सांगणार: वागिरा, डाव्या अंगठ्याचा ठसा
लिहिणार: रेत्नो
साक्षीदार: १. दालिजो, निवृत्त शिक्षक, सही. २. तुकियेम, अंगठ्याचा ठसा, पानाच्या लाल डागासह.
वाचून दाखवणार: मुजियोनो, लेखनिक, सही
स्थळ: करांगवुनी, वागिराची ओसरी. क्लिवोन शुक्रवार, ११ जुलै २००८.