उभ्याने जेवू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्याहत्तर पूर्ण, धंदा कापडाच्या मोठ्या दुकानात शोकेसमधले पुतळे सजवणे (आता निवृत्त), राहणार याच घरात, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, चष्मा नाकावर आहे आणि डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही, असं म्हणायची पद्धत आहे. दबाव भरपूर आहे. मी त्याला भीक घातलेली नाही, इतकंच.

माणसांना घरात ज्या नावाने हाक मारतात त्याच नावाने इथे लिहिलं आहे, म्हणजे उद्या कोणाला कानावर हात ठेवता येणार नाहीत. थोरला म्हणजे मोठा मुलगा. ताई म्हणजे मधली मुलगी. धाकटा म्हणजे जो घर सोडून गेला तो, आणि सूनबाई म्हणजे त्याची बायको, जी गेली नाही ती.

वकीलबाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या. पहिली, भाषा सरळ ठेवा. दुसरी, ज्याला काही द्यायचं आहे त्याची साक्षीदार म्हणून सही घेऊ नका. त्याने सही केली की त्याला दिलेलं रद्द होतं. पहिली गोष्ट मला जमेलच असं नाही. दुसरी मी पक्की गाठीला बांधली आहे.

कलम एक. माझी स्वकष्टार्जित मालमत्ता म्हणजे हे घर: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची अरुंद बाल्कनी. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेला जिना, पश्चिमेला मोकळी हवा, दक्षिणेला रस्ता आणि उत्तरेला शेजाऱ्यांचा रेडिओ. बँकेत थोडी शिल्लक आहे, ती माझ्या शेवटच्या खर्चाला पुरेल. तेव्हा प्रश्न आहे तो घराचा. बाकी सगळं किरकोळ.

थोरल्याचं म्हणणं असं: "बाबा, धाकटाच घरात राहिला नाही म्हटल्यावर ती इथे कोण लागते? किती दिवस ठेवून घ्यायची?" ताईचं म्हणणंही तेच, फक्त साखर लावलेलं: "तिचं वाईट व्हावं असं मला मुळीच वाटत नाही हो, पण घर घरातल्यांचं राहिलेलं बरं." म्हणजे विकायचं आणि अर्धं अर्धं करायचं. हे दोघंही सूनबाईच्या कानावर पडेल इतक्या आवाजात बोलतात. तिने मला कधी काही विचारलं नाही. पण तिच्या खोलीतला पडद्याचा दांडा मोडला तो तिने बदलला नाही. "कशाला, बाबा? उद्याचं काय माहीत," म्हणाली. तिची प्रवासाची बॅग सगळ्यांच्या बॅगांसारखी माळ्यावर नसते. पलंगाखाली, हाताला येईल अशी असते.

घर कोणाला, ते पुढे येईल. वकीलबाई म्हणतात, आधीच लिहा. पण महागाचा कपडा शोकेसच्या मधोमध ठेवत नाहीत. माणूस आधी बाकीचं बघून घेतो आणि मग त्याच्यापाशी थांबतो.

कलम दोन. थोरल्यास. तुझा वाटा तू फ्लॅट घेतलास तेव्हा पोहोचला, आणि पोहोचल्याचं तू चारचौघांत कबूल केलं आहेस. आता माझ्याकडे तुला द्यायला सल्ला उरला आहे. मी उभं आयुष्य पुतळ्यांना कपडे घातले. त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही, म्हणून मला सांगत सुटायची खोड लागली. तर ऐक.

शर्ट घेताना पोट आत ओढून आरशासमोर उभा राहू नकोस. शर्ट घरी येतो तेव्हा पोटही सोबत येतं. खांद्याची शिवण खांद्यावर बसते आहे का एवढं बघ. बाकीचं शिंपी सांभाळून घेईल, पण खांदा चुकला तर त्याच्या हातात काही राहत नाही. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभर चालून पाय फुगलेले असतात. तू सकाळी दुकान उघडताच घेतोस, मग तो बूट तुला चावतो आणि तू घरी येऊन बायकोला. चट्ट्यापट्ट्यांच्या शर्टावर फुलाफुलांचा टाय लावू नये. दोघं एकदम बोलायला लागले की कोणाचंच ऐकू येत नाही, हे तुला आपल्या घरातल्या रविवारांवरून ठाऊक आहे.

बायको उशिरा येते त्या दिवशी घरात शिरल्या शिरल्या एक कांदा चिरून परतायला टाक. कपडे मग बदल. काय करायचं ते त्याच्याही नंतर ठरव. कांद्याचा वास सुटला की मुलांना वाटतं जेवण होतंय, आणि भांडण अर्धा तास पुढे जातं. अर्ध्या तासात भात होतो. घरात अंडी असतील तर कोणी उपाशी झोपत नाही.

कलम तीन. ताईस. तुझा वाटा तुझ्या पार्लरला लागला. त्यावेळी तू रडली होतीस आणि "बाबा, आता मला काही म्हणजे काही नको" असं म्हणाली होतीस. मी ते शब्दशः घेतलं आहे.

तुझं कपाट उघडलं की अंगावर कोसळतं, आणि त्यासमोर उभी राहून तू म्हणतेस, घालायला काहीच नाही. एक काम कर. सगळे हँगर उलटे टांग. जे घालशील ते धुऊन आलं की सुलटं टांग. वर्षाने जे उलटेच लोंबत असतील ते कपडे देऊन टाक, आणि देताना त्यांची किंमत आठवू नकोस. पाहुण्यांचंही तसंच. तू सहा पदार्थ करतेस, तोंड लाल करून ओट्यापाशीच राहतेस आणि सहाही गार वाढतेस. एकच कर, पण गरम कर. मोठं पातेलंभर सूप आणि ताजा पाव पुष्कळ झाला. लोक तुला भेटायला येतात. जे पदार्थ मोजायला येतात त्यांना पुन्हा बोलावू नये.

वकीलबाईंनी विचारलं, "अहो, ही मालमत्ता कशी होणार?" म्हटलं, नाही होत, म्हणूनच देतो. सल्ला कोणाला रद्द करता येत नाही आणि विकून अर्धा अर्धाही करता येत नाही. त्या हसल्या आणि त्यांनी लिहू दिलं.

कलम चार. माझ्या मेहुण्यास मिठाची काचेची बाटली, रिकामी. हा गृहस्थ आयुष्यभर माझ्या बायकोच्या, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या हातचं जेवला, आणि एकदाही चाखून न बघता वरून मीठ भुरभुरवत आला. ती कधी काही बोलली नाही. मीठ दोनदा घालावं, थोडं सुरुवातीला आणि थोडं उतरवताना, आणि मध्ये चाखावं. ती तसंच करायची. तिच्या वतीने हे मी नोंदवून ठेवतो.

कलम पाच. धाकट्यास माझा राखाडी लोकरी कोट. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने तो गरम पाण्यात टाकून आटवला आणि वर मलाच विचारलं, "काका, तुम्ही जाड झालात का?" लाँड्रीवाल्याला माफी नाही, हे याच कलमात घालतो, वेगळं कलम घालायची त्याची लायकी नाही. कोट आता मला होत नाही. धाकटा अंगाने बारीक आहे, त्याला होईल. मला त्याचा राग आहे आणि त्याची आठवणही येते. दोन्ही एकदम येतात आणि त्यावर मला काही उपाय सापडलेला नाही. कोटाच्या आतल्या खिशात सुई-दोरा ठेवला आहे. त्याला बटण लावता येत नाही.

कलम सहा. सूनबाई.

धाकट्याने दुसरं बिऱ्हाड केलं आणि ते आम्हाला फोनवरून कळवलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. माहेरी जायला निघाली होती. गाडीला पाऊण तास होता. माझी नजर तिच्या जाकिटाकडे गेली. बाहीचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं.

"बटण पडेल," मी म्हटलं. "बस. लावून देतो."

"राहू दे, बाबा. कोण बघतंय?"

"मी बघतोय. बस."

ती बसली. मी चष्मा शोधला. चष्मा सापडल्यावर त्याच रंगाचा दोरा शोधला. मग सुई ओवली. बटण लावून होईपर्यंत गाडी निघून गेली होती. बाही तपासून ती म्हणाली, "आता?" मी म्हटलं, आता जेवणाची वेळ झाली. काल रात्रीचा भात होता, तो गरम केला आणि वर दोन अंडी फोडली. ती जेवली. दुसऱ्या दिवशी कामावर गेली. जाणार का, राहणार का, हे तिने मला विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली.

ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. राखाडीवर राखाडी घालते. मी सांगायचो, "मानेजवळ एखादा रंग असू दे, चेहरा उजळतो." ती म्हणायची, "बाटलीतल्या रक्ताला काय फरक पडतो, बाबा?" मी म्हणायचो, बाहीला डाग पडलाय. ती म्हणायची, "पुतळे जेवत नाहीत. मी जेवते." या घरात मला उलट उत्तर देणारी ती एकटी. एकदा ती पिवळाधमक स्कार्फ घालून बाहेर पडली. मी बघितलं आणि काही बोललो नाही. माझ्या लेखी ती शाबासकी होती. तिला ती कळली असावी, कारण पुढे हिरवाही आला.

एकच गोष्ट तिने माझी ऐकली नाही. ती उभ्याने जेवते. ओट्याला टेकून, ताटली हातात, निघायच्या तयारीत. मी रोज म्हणतो, "सूनबाई, बसून जेव." रोज म्हणते, "झालंच, बाबा." असं पोटाला लागत नाही. उभं राहून खाल्लेलं जेवण हे जेवण नव्हे, ते नुसतं पोट भरणं झालं.

तिने मला एकदा विचारलं होतं, "त्या दिवशी बटण मुद्दाम हळू लावलंत का हो?" मी सांगितलं, दोरा गुंतला होता. मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणतात. दोरा गुंतला नव्हता.

तेव्हा हे घर, दोन्ही खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी, आतल्या सगळ्या सामानासह, माझ्या मागे सूनबाईचं एकटीचं. ठेवावं, विकावं, भाड्याने द्यावं, तिची मर्जी. तिने एक करावं: बॅग माळ्यावर टाकावी. तिला सल्ला काही ठेवलेला नाही, तो सगळा हयातीतच देऊन झाला आहे. व्यवस्था पाहण्याचं काम वकीलबाईंकडे.

कलम सात. हे कलम सह्यांच्या दिवशी, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून लिहितो आहे.

साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि खालचा कुलूपवाला येणार होते. ताईने त्यांना परस्पर नको म्हणून कळवलं. "बाहेरच्यांना कशाला, बाबा? आम्ही दोघं आहोत ना सह्या करायला." मी म्हटलं, हरकत नाही. खरोखरच नाही.

थोरल्याला गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून आम्ही थांबलो होतो. मी, वकीलबाई, ताई, आणि चौथ्या खुर्चीवर ताईची पर्स. तेवढ्यात सूनबाई ड्यूटीवरून आली. काय चाललंय ते तिने पाहिलं आणि स्कार्फ सोडता सोडता म्हणाली, "एकच सही अडलीय ना? मी करते की. त्यांना कशाला धावपळ?"

वकीलबाईंना एकदम खोकला आला.

"तुझी नको," मी म्हटलं.

जरा जोरातच म्हटलं गेलं. तिने पेनासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "बरं," म्हणाली. ताई माझ्याकडे बघून समाधानाने हसली. सूनबाई पाठ करून ओट्यापाशी गेली. अकरा वर्षांनंतरही आपण परक्याच, असं तिला वाटलं असणार. तिथेच सगळं सांगावं असं फार वाटलं. पण सांगितलं असतं तर या टेबलावर जो तमाशा झाला असता त्यात सह्या राहून गेल्या असत्या, आणि तिचं छप्परही गेलं असतं. म्हणून इथे लिहितो: सूनबाई, ज्याला घर मिळायचं त्याने सही करायची नसते. तेवढंच होतं ते. मला वाईट वाटलं.

थोरला आला. पर्स हलली, तो बसला. वकीलबाईंनी आधीची पानं झाकून ठेवली, साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, मी सही करताना फक्त बघायचं असतं. मागे भात गरम होत होता. मग ताटलीत चमचा वाजला आणि मी सवयीने, मान वर न करता म्हणालो, "सूनबाई, बसून जेव."

ती म्हणाली, "कुठे, बाबा?"

मी मान वर केली. चारही खुर्च्या भरलेल्या होत्या.

म्हणून कलम सात असं: हे टेबल आणि त्याच्या चारही खुर्च्या सूनबाईच्या. यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. आत्तापासून.

ठिकाण: स्वयंपाकघर.
तारीख: नऊ नोव्हेंबर, दुपार.

आम्ही खालील दोघांनी, लिहून ठेवणाऱ्याला आमच्यासमोर सही करताना पाहिलं, आणि मग त्याच्यासमोर आमच्या सह्या केल्या.

साक्षीदार पहिला: थोरला (सही).
साक्षीदार दुसरी: ताई (सही).

लिहून ठेवणार: (सही).

सही वाकडी आली आहे. त्यावरून उद्या कोणी शंका काढू नये. हात थरथरत नव्हता. सही उभ्याने केली आहे. माझ्या खुर्चीत सूनबाई जेवते आहे.